इक्बालचं नाक

इक्बाल, परवा तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. फोटो असा निवडला होता की आधी मी ओळखलंच नाही. टाय लावलेला, केस चोपून बसवलेले, चेहऱ्यावर बँक मॅनेजरचं हसू. एकामागून एक माणसं उठून बोलली. कोणी म्हणालं थोर संशोधक, कोणी म्हणालं आदर्श शिक्षक, आणि एकानं तर तू मितभाषी होतास असं ठोकून दिलं. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसलो होतो. मितभाषी म्हणे! तू माझ्या दुकानात बोलायला लागलास की समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. शेवटी माईकवरून माझं नाव पुकारलं, 'त्यांचे जिवलग मित्र सदाशिवराव', आणि मी मानेनंच नको म्हणालो.

उभं राहून सांगणार काय होतो? त्या सबंध सभेत मला एकच गोष्ट आठवत होती, तुझ्या हाताला येणारा वास. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा असतो तसा, गोडसर आणि नाकात शिरणारा. असलं काही हार घातलेल्या फोटोसमोर सांगता येत नाही. म्हणून आज लिहायला बसलो. लांबलचक लिहिलेलं तुला आवडायचं नाही, दोन पानं झाली की 'मुद्द्यावर ये' म्हणायचास. आज ऐकून घे.

शाळेपासून आपण एकत्र, पण तू नेमकं करतोस काय, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. तुझी भट्टी बिघडली म्हणून मला बोलावलंस, तेव्हा पहिल्यांदा तुझी प्रयोगशाळा बघितली. मी मंगळवार पेठेत दुधाचे काटे आणि फॅट मोजायची मशिनं दुरुस्त करणारा माणूस. प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी चकचकीत असणार, असं मनात होतं. तुझ्याकडे चंचुपात्रं, सुतळीनं बांधलेला पंखा आणि ओळीनं वाळत घातलेल्या काचेच्या पट्ट्या. त्या पट्ट्या तू ऍसिटोननं धुवायचास, हातमोजे न घालता. वासाचं मूळ ते. धुतलेल्या काचेवर धातूच्या ऑक्साइडचा थर चढवायचास, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ. तो थर तापवला आणि त्याला एखादा वायू लागला की त्यातून वाहणारा विजेचा प्रवाह बदलतो, एवढंच ते सगळं.

'हे नाक हाय,' तू मला म्हणालास.

'कुणाचं?'

'अजून कुणाचंच न्हाय. छापून येतंय, लोक वाचत्यात, कपाटात जातंय.'

त्या वेळी मी हसलो होतो. तुझ्या आवाजात खंत होती, हे मला कळलं नाही.

मग माझी मुक्ता आजारी पडली. चौथीत होती पोरगी. आम्ही लग्नाहून आलो आणि तिला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी लग्नातल्या जेवणाला दोष दिला. घराजवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, पोट बिघडलंय म्हणाले. दुपारी तू थर्मासमधून चहा घेऊन आलास. माझ्या हातात कप दिलास, मुक्ताच्या कपाळावर हात ठेवायला वाकलास आणि तसाच वाकलेला राहिलास. मला वाटलं कंबर धरली. तू पुन्हा एकदा तिच्या तोंडाजवळ नाक नेलंस. माझी बायको शुभा तुझ्याकडे बघतच राहिली.

'सद्या, हिच्या तोंडाला माज्या हाताचा वास येतोय.'

मला काही समजेना. तू डॉक्टरांच्या खोलीत शिरलास, बाहेर माणसं बसली होती त्यांना न जुमानता, आणि तिथून तुझा तो मितभाषी आवाज सगळ्या दवाखान्यानं ऐकला. 'साखर बघा पोरीची, आत्ताच्या आत्ता बघा!' साखर बघितली आणि सगळ्यांची धावपळ उडाली. तासाभरात आम्ही मोठ्या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मुलीच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून शरीर चरबी जाळत सुटलंय, रक्तात विष साठलंय, आणि त्यातलंच ऍसिटोन श्वासातून बाहेर पडतंय. आणखी उशीर झाला असता तर काय, तेही त्या सांगायला लागल्या. पुढचं शुभानं ऐकलं नाही, तिनं कानांवर हात ठेवले होते.

पोरगी घरी आल्यावर मी तुझे आभार मानायला तुझ्या घरी आलो. पेढे आणले होते. तोंड उघडलं आणि तू म्हणालास, 'गप. तुज्या भाभीला चहा टाकाय सांगितलाय.' मी पुन्हा सुरुवात केली, तू उठून नळ बघायला गेलास. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत तूच बोललास, आणि ते वेगळंच निघालं. 'हे बघ,' तू म्हणालास, 'माजं नाक रोज तुज्या घरात न्हाय की. दुसरं बनवाय पायजे.'

त्या दिवसापासून कपाटात जाणारं तुझं संशोधन माझ्या दुकानातल्या टेबलावर येऊन बसलं. थर तुझा, तो तापवायचं आणि मोजायचं सर्किट माझं. तोंडात धरायची नळी, वर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. फुंकलं की कळलं पाहिजे, बोट टोचायला नको, आणि रक्तातलं विष मोजायच्या पट्ट्या जिथं सहज मिळत नाहीत तिथल्या पोरांनाही वापरता आलं पाहिजे. एवढं साधं वाटत होतं. पहिली तीन नाकं जळाली. चौथं नाक कांदा-लसूण चटणीच्या वासानं बावचळायचं, म्हणून तू मुद्दाम मिसळ खाऊन फुंकत बसायचास आणि नसरीनभाभी तुझ्याजवळ बसायला तयार नसायच्या. सहावं की सातवं होतं, तेव्हा पहिल्यांदा मुक्ताच्या पट्टीचा आकडा आणि आपला दिवा जुळले. तू दुकानाच्या दारात उभा राहून शिट्टी मारलीस. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक, रस्त्यात शिट्टी!

आणि नेसरीचं ते शिबिर. इक्बाल, ते आठवलं की मला अजून हसू येतं. निरोगी माणसांचे श्वास गोळा करायचे होते, म्हणजे बरं असताना नाक काय सांगतं ते कळेल. तू किती विचार करून वेळ ठरवला होतास! रमजानात काही करायचं नाही, हा तुझा पहिला नियम. रोजे असताना तू स्वतः फुंकून बघितलं होतंस. संध्याकाळपर्यंत पिवळा दिवा लागायचा, कारण उपाशी माणसाचं शरीरही थोडी चरबी जाळतं. म्हणून रमजान टाळला, ईद झाली, पाऊस सरू दिला. मग गावात माणसं कधी एकत्र भेटतील ते विचारायचं काम माझ्याकडे आलं. नेसरीतल्या माझ्या मेहुण्याकडून कळलं की देवळात रोज बायकांची गर्दी असते, मंडपही घातलाय. मी म्हटलं, वा!

मंडप नवरात्राचा होता. तुला तुझे रोजे आठवले आणि मला माझ्या घरात बसलेला घट आठवला नाही. सकाळी शुभानं मला डबा दिला, स्वतः मात्र काही खाल्लं नाही, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. देवळासमोर टेबल मांडलं. पहिल्या बाईनं फुंकलं, लाल. दुसरीनं फुंकलं, लाल. तिसरी पिवळी, चौथी परत लाल. मी सर्किट बिघडलं म्हणून वायरी हलवायला लागलो. बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी रडायलाच लागली, सगळ्या गावाला साखर झाली म्हणून. तू घामाघूम होऊन एका म्हातारीला विचारलंस, 'आज्जी, सकाळी काय खाल्लंसा?'

'काय खाणार? नऊ दिस पान्यावर हाय मी. सांजंला एक केळ खाती.'

तू माझ्याकडे बघितलंस. मी देवीकडे बघितलं.

'आनी हे तुजं डबडं,' म्हातारी मंडपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'देवीचा उपास धरला म्हनून आमास्नी रोगी ठरीवतंय व्हय रं?'

परतीच्या वाटेवर गडहिंग्लज मागं पडलं. मग तू एकदम हसायला लागलास, इतका की गाडी बाजूला घ्यावी लागली. 'मर्दा, तुज्या देवीनं आपल्याला नापास केलं,' असं म्हणत डोळे पुसत होतास. पण घरी उतरताना तुझा चेहरा बदललेला होता. नाक खोटं बोललं नव्हतं, त्याला जे लागलं ते त्यानं सांगितलं होतं. तुला घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्याला माहीत नसलेल्या अशा किती गोष्टी असतील, असं तू त्या संध्याकाळी दोन-तीनदा म्हणालास.

पुढच्या काही वर्षांत मशीन सुधारत गेलं, आणि आपलं बिनसत गेलं. मुक्तासारख्या पोरांच्या आईबापांची बैठक दर महिन्याला एका रविवारी भरते, तिथं मी आपलं मशीन एकदा दाखवलं आणि माणसं माझ्यामागं लागली. एक कंपनीही विचारत आली. हिवाळ्यात, उन्हाळ्यात तुझं नाक चुकत नव्हतं. मी म्हणत होतो, द्या आता लोकांना. तू म्हणत होतास, पाऊस. आपल्या पावसाळ्यातल्या ओलसर हवेत तो थर पाणी धरून बसतो, मग ऍसिटोनला जागा उरत नाही आणि नाक चोंदतं. कधी चोंदतं, कधी नाही. का, ते तुला सापडत नव्हतं.

गंगावेशीत दूध प्यायला उभे होतो आपण. समोर म्हशीची धार काढणं चाललं होतं आणि तू हातातला ग्लास विसरून माझ्यावर ओरडत होतास. 'लाल खोटा लागला तर मानूस शिव्या देतोय. हिरवा खोटा लागला तर शिव्या द्याय मानूस ऱ्हात न्हाय!'

'चार महिने वापरू नका म्हणून सांगू.'

'कोन ऐकतंय? तू ऐकशील?'

मग मी ते बोललो. म्हटलं, तुला मशीन करायचंच नाही, तुला आयुष्यभर नुसते पेपर छापायचेत. तू दूध संपवलंस, मिशी पुसलीस, ग्लास जागेवर ठेवलास आणि चालायला लागलास. त्यानंतरही दुकानात येत राहिलास, आपण कामाचं बोलत राहिलो. फक्त तू ओरडायचं बंद केलंस. ते मला बोचायचं, पण मीही हटून बसलो होतो. माझ्या पोरीसाठी सुरू झालेली गोष्ट माझ्याच पोरीला मिळत नाही, हा राग माझ्या पोटात होता, आणि तो अगदीच खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. शेवटी एक मशीन मी हट्टानं घरी नेलं. तू अडवलं नाहीस. 'मुक्ताशी मी बोलतो,' एवढंच म्हणालास.

तुझी विद्यार्थिनी स्नेहल, तिनं फोन केला त्या सकाळी. 'सर जिन्यात कोसळले,' म्हणाली. मी पोहोचलो तेव्हा तुला खाली आणलं होतं. कुणाच्या श्वासात काय आहे ते सांगणारा माणूस, आणि तुझ्या छातीत काय चाललंय हे आम्हाला कुणाला कळलं नाही. कब्रस्तानात माती देताना तुझा भाऊ म्हणाला, 'सदाभाऊ, आदी तुमी.' मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. तिसऱ्या दिवशी, जियारतीची प्रार्थना झाल्यावर, भाभींनी मला तुझ्या खोलीत नेलं. टेबलावर अर्धवट थर दिलेल्या पट्ट्या होत्या. त्या म्हणाल्या, 'यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा भाईजान. कंपनीवाल्यांचे दोनदा फोन येऊन गेले.' मी मनात ठरवूनच टाकलं होतं. द्यायचं. तुझ्या नावानं द्यायचं. तूच नाहीस म्हटल्यावर मला कोण अडवणार होतं?

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सारखा पाऊस लागलेला, भिंतींना ओल आली होती. मुक्ता कॉलेजातून आली ती पोट धरूनच. अंगात कणकण, दोनदा उलटी. मी मशीन काढलं. तिनं फुंकलं. हिरवा.

मी किती निश्चिंत झालो ते तुला काय सांगू. 'काही नाही गं, बाहेरचं खाल्लं असशील,' म्हटलं, आणि शुभाला लिंबूपाणी करायला सांगितलं. परत फुंकायला लावलं, परत हिरवा. मी तो दिवा तिच्या आईला नेऊन दाखवला. परत खोलीत आलो तर मुक्ता कॉटवर बसून बोट टोचत होती. मी म्हटलं, कशाला उगीच? तिनं माझ्याकडे न बघता पट्टीवर थेंब लावला. आकडा आला आणि तिनं मीटर माझ्यासमोर धरला. मला वाचता येतो तो आकडा, इतक्या वर्षांनी. लाल दिव्याच्याही पुढचा होता.

दवाखान्यात वेळेत पोहोचलो, आता बरी आहे. तिथं सलाईन लावल्यावर मी तिला विचारलं, हिरवा असताना तू टोचलंस का? तर ती म्हणाली, 'इक्बालकाकांनी शपथ घातली होती. म्हणाले, दिवा बघून तुजा बाप खूश हुईल, तू हू नको. उलटी झाली की बापाचं ऐकायचं न्हाय, बोट टोचायचं.' हसत सांगत होती. तुझ्यासारखं बोलून दाखवत होती.

म्हणजे माझं पोर तू दुसऱ्यांदा वाचवलंस, लेका, तेही मातीत जाऊन. आणि या खेपेला माझ्यापासून. पहिल्या वेळचे आभार तू मानू दिले नाहीस, या वेळचे कुणापुढं मानू? भाभींकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला, मी चहा पिऊन आलो.

काल रविवार होता, पोरांच्या आईबापांची बैठक. तू गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता मशीन मिळणार अशी बातमीही कुणीतरी पसरवली होती. बहुतेक मीच. नेसरीकडची एक बाई पहिल्यांदाच आली होती, सात-आठ वर्षांच्या पोराला घेऊन. तिनं काही न बोलता त्याचा हात माझ्यापुढं उघडून धरला. बोटांची टोकं टोचून टोचून काळवंडली होती. 'भाऊ, मला काय बी नगं,' ती म्हणाली. 'तेवढा दिवा द्या. मागनं चुकला तर आमी तुमास्नी काय बी म्हननार न्हाय.'

असं कुणी म्हटलं तर तू काय करशील, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. मी मात्र तिला सांगितलं. म्हटलं, 'ताई, आत्ता देत नाही. पावसात हे खोटं बोलतंय. माझ्या पोरीशी परवाच खोटं बोललं. ज्यानं बनवलं तो नको म्हणत होता आणि तो बरोबर होता.' सगळ्यांच्या समोर म्हणालो, मोठ्यानं. स्नेहल हे काम पुढं नेणार आहे, मीही आहे, वेळ लागेल, तोवर बोट टोचायला पर्याय नाही, असं सगळं नीट सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण उठून निघून गेला. पोराच्या आईनं त्याची मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.

तिथं मला रडू फुटलं, इक्बाल. तुला माती देताना नाही, सभेत नाही, तिथं, परक्या माणसांत, आवरता येईना असं. ज्या बाईला मी नाही म्हणालो होतो, तीच उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. 'रडू नगासा भाऊ,' म्हणाली, 'आज न्हाय तर उद्या हुईल मशीन. येवडं काय त्यात?'

मी पाणी प्यायलो आणि हो म्हणालो.